आबा, हात वर करा

सकाळच्या चहाला आमच्या घरात तीन माणसं एकदम बोलतात. मुलगा कापसाच्या भावाबद्दल, मी गुडघ्याबद्दल आणि आमची सौभाग्यवती आम्हा दोघांनाही उद्देशून दुधाबद्दल. कोणी कोणाचं ऐकत नाही, तरी बोलणं कुठे अडत नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि भडगावातल्या बहुतेक घरांत चहा असाच पितात, असा माझा समज आहे. यंदाच्या जूनमध्ये त्यात खंड पडला. दुसरीत गेलेल्या नातीने एका सकाळी बिस्किटाची बशी बाजूला सारली आणि म्हणाली, "आबा, बोलायचं असेल तर हात वर करा. पप्पांचं चाललंय."

मी हात वर केला. जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी नोकरी गेली. "हात वर" हा हुकूम मी किती हजार वेळा दिला असेल, त्याची गणती नाही. पाळायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली. हात वर धरून बसलो. कापसाचा भाव काही खाली येईना. मग लक्षात आलं, की वर्गातली पोरं उजवा हात वर करून डाव्या हाताने त्याचं कोपर का धरून ठेवतात. इतकी वर्षं मला तो आळस वाटायचा. शेवटी माझी पाळी आली तेव्हा सगळे थांबले, माझ्याकडे बघायला लागले, आणि मला कळलं की गुडघ्याशिवाय माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या वर्गात मुलांनीच बसून वर्गाचे नियम ठरवले होते. बाईंनी फक्त फळ्यावर लिहून घेतले. त्या धर्तीवर आमच्याही घराचे नियम एका रविवारी तयार झाले. खताच्या दुकानातून आलेल्या कॅलेंडरच्या पाठीवर ते स्केचपेनने लिहिलेले आहेत आणि फ्रिजच्या अंगावर चिकटवलेले आहेत. एक, एका वेळी एकानेच बोलायचं. दोन, रिमोटला नंबर लावायचा. तीन, आजीने आधी जेवायचं, कधी कधी. चार, आबांनी 'गप्प' म्हणायचं नाही.

तिसऱ्या नियमातलं 'कधी कधी' पुष्कळ वाटाघाटींनंतर आलेलं आहे. मतदानात विरोधी मत एकच पडलं, आणि ते आजीचं होतं. "मी आधी जेवले तर वाढेल कोण?" हा तिचा मुद्दा होता. त्यावर सभागृहात थोडा वेळ शांतता पसरली. वाढू शकणारे दोन पुरुष तिथेच बसलेले होते, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. निदान आमच्या तरी.

आमच्या काळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून बांधलेलं शेपूट. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले की मुलांचा जीव पुस्तकातून उठायचा, आणि त्यानंतर ग्रामपंचायतीची रचना यायची. मी स्वतः एकदा भर वर्गात टेबलावर हात आपटून ओरडलो होतो, "गप्प बसा! आज आपल्याला भाषणस्वातंत्र्य शिकायचं आहे." मुलं गप्प बसली. धडा व्यवस्थित पार पडला. त्यात काही विसंगत आहे, हे मला त्या दिवशी काय, पुढची दहा वर्षंही जाणवलं नाही.

शिवाय मॉनिटर नावाची संस्था होती. गुरुजी दप्तरातल्या कामात गुंतले की एक पोरगा खडू घेऊन फळ्याशी उभा राही आणि बोलणाऱ्यांची नावं लिही. राज्यसत्ता म्हणजे काय, हे त्याच्याइतकं स्वच्छ कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नसेल. नावापुढे फुली, पुन्हा बोलला तर दुसरी फुली. बोरं किंवा चिंचा पोचल्या की फुली पुसली जाई. अर्धी पोरं मॉनिटरला घाबरायची आणि उरलेली अर्धी मॉनिटर होण्याची स्वप्नं बघायची. आता त्यांतले काही राजकारणात चांगले स्थिरावले आहेत.

नव्वदचं दशक संपता संपता परिपाठात मूल्यशिक्षण आलं. श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा वगैरे दहा मूल्यं. ती आम्ही भिंतीवर रंगवून घेतली, मुलांकडून पाठ करून घेतली, तपासणीला साहेब आले की खणखणीत आवाजात म्हणवून घेतली. सौजन्यशीलता हा शब्द न अडखळता म्हणता यावा म्हणून एकाला मी छडी दिल्याचं आठवतं. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात मुलांना मारायला बंदी झाली आणि माझी छडी कपाटावर गेली. पुष्कळ दिवस ती तिथे नुसती दिसेल अशी ठेवलेली होती. कायद्यात दिसण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मूल्यांचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्यातल्या मास्तराला साने गुरुजींपासून सुटका नाही. पारोळ्याच्या पलीकडे अमळनेर, तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ साली शिक्षक म्हणून लागले आणि १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. मधल्या काळात वसतिगृह सांभाळलं. तिथे ते मुलांच्या खोल्या झाडत, पसरलेली अंथरुणं आवरत, मळके कपडे गुपचूप धुऊन ठेवत आणि त्यावर एक शब्द बोलत नसत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक रोज लिहून काढत, ते वेगळंच.

एका जून महिन्यात मलाही स्फूर्ती आली. मुलं यायच्या आधी शाळेत जाऊन मी अख्खा वर्ग झाडला, पाण्याचा हंडा घासला, बाहेर सडा घातला आणि काही न बोलता खुर्चीत बसलो. मुलं आली. चकचकीत फरशी बघून दारातच थबकली. आपसात कुजबुज झाली, आणि पाहता पाहता सगळ्यांनी गणवेशाच्या गुंड्या लावल्या, नखं लपवली, दहाच्या दहा मूल्यांची उजळणी सुरू केली. त्यांना वाटलं, आज साहेब तपासणीला येणार. मी सलग चार दिवस झाडलं. पाचव्या दिवशी एक पालक चौकशी करून गेले, की गुरुजींवर काही कारवाई झाली आहे का. साने गुरुजी होण्यासाठी नुसता झाडू पुरत नाही, एवढं मात्र त्यातून कळलं.

परिपाठातल्या प्रतिज्ञेचा एक किस्सा मला फार आवडतो. रोज सकाळी देशभरातली पोरं एक हात पुढे करून जी म्हणतात ती प्रतिज्ञा मुळात तेलुगूतली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या गृहस्थांनी ती १९६२मध्ये विशाखापट्टणमला लिहिली, तेव्हा ते तिथे जिल्हा कोषागार अधिकारी होते. ट्रेझरीत बसून माणूस पगारबिलांवर त्रुटी काढण्यापलीकडे काही लिहीत असेल, यावर कोणताही जिल्हा परिषदेचा शिक्षक सहजी विश्वास ठेवणार नाही. १९६५च्या प्रजासत्ताक दिनापासून ती देशभरच्या शाळांत सुरू झाली, पण आपलं लिखाण राष्ट्राची प्रतिज्ञा झालंय याचा लेखकालाच पत्ता नव्हता. पुढे कधीतरी नात घरात पाठ्यपुस्तक वाचत बसली होती, तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा उमगलं, असं सांगतात. आजोबांना काही गोष्टी नातीकडूनच कळायच्या असतात.

माझ्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना 'मूल्यवर्धन'च्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. किल्लारीच्या भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेणारे शांतिलाल मुथ्था, त्यांच्या फाउंडेशनचा हा कार्यक्रम. २००९ साली बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला, आणि पुढे शासनाच्या सोबतीने राज्यभर पसरला. संविधानातली न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्यं पहिली ते चौथीच्या मुलांपर्यंत पोचवायची, पण भाषणातून नाही. जोडीत बोलणं, गटात काम, सहयोगी खेळ यांतून. पत्र वाचून आम्ही नेहमीप्रमाणे जेवणाची सोय काय आहे ते आधी पाहिलं.

तिथे आम्हा पन्नाशीतल्या मास्तरांना गोल बसवलं. गोलात बसणं हीच पहिली अडचण. शेवटचा बाक नाही, त्यामुळे वर्तमानपत्र उघडायला जागा नाही. मग म्हणाले, जोडी करा. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. आणि नंतर सर्वांसमोर उभं राहून आपल्या जोडीदाराने काय सांगितलं ते सांगायचं. आपलं नाही, त्याचं.

माझ्या जोडीला आलेले गुरुजी दोन मिनिटं मनापासून बोलले. मी मान डोलवत होतो आणि मनातल्या मनात, माझी पाळी आल्यावर कुठला किस्सा सांगायचा त्याची जुळवाजुळव करत होतो. सांगायला उभा राहिलो तेव्हा त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द मला आठवत होता: 'विहीर'. त्यावर मी पाच वाक्यं रचली. खाली बसल्यावर ते हळूच म्हणाले, "गुरुजी, विहिरीत पाणी लागलं नाही असं सांगत होतो मी. तुम्ही तर माझा मळा फुलवलात."

तरी परत आल्यावर मी तो प्रकार वर्गात करून पाहिला. वहीत नोंद हवी होती, हे खरं कारण.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता, तो रोज उशिरा यायचा. दिवाळीनंतर तर अकराच्या आत कधीच नाही. मी त्याला दाराबाहेर उभं करायचो. भिंतीवर वक्तशीरपणा लिहिलेलं होतं, त्याच भिंतीला टेकून तो उभा राहायचा. कारण विचारलं की खाली बघायचा. एक-दोनदा त्याने तोंड उघडलं होतं, पण ते अहिराणीत, आणि मी सवयीने म्हणालो होतो, "शुद्ध बोल." मग त्याने तोही नाद सोडला. घरी मीही अहिराणीच बोलतो, पण शाळेच्या पायरीवर चपलांबरोबर ती बाहेर काढून ठेवायची, अशी माझी शिस्त.

जोडीच्या त्या खेळात त्याला जोडीदार मिळाला एक बडबड्या पोरगा. दोघं कोपऱ्यात जाऊन बसले. दोन मिनिटांची पाच झाली, तरी त्यांचं चालूच. मग बडबड्या उभा राहिला. पुस्तकी मराठीत सुरुवात केली, "गुरुजी, तो म्हणतो की..." आणि तिथेच अडकला. माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणालो नाही. मग त्याने सगळंच अहिराणीत सांगून टाकलं. "त्यानी माय कापूस येचाले जास. हाऊ लहान बहीणले सांभाळस. म्हनीसन त्याले उशीर होस."

माय सकाळी मजुरांच्या अॅपे रिक्षातून वावरात जाते, आजी शेळ्या सोडून अकराला परत येते, तोवर दीड वर्षाची बहीण याच्या कडेवर. चार महिने मी त्याला बाहेर उभं केलं होतं आणि चार महिन्यांत मला न कळलेली गोष्ट त्या बडबड्याला पाच मिनिटांत कळली होती. तेवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण जोडीदाराने सांगितलेलं सगळं सांगायचं, असा नियम होता. म्हणून त्याने शेवटही प्रामाणिकपणे सांगितला: "आणि तो म्हणतो, गुरुजी कधी विचारतच नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून ती बहीण वर्गातच येऊन बसायला लागली. पटावर तिचं नाव नव्हतं, पण हजेरी घेताना प्रत्येक नावाला तीच सगळ्यांत मोठ्याने 'ओ' द्यायची. शुद्ध की अशुद्ध, ते ठरवता येत नव्हतं.

नातीच्या शाळेत आता मंत्रिमंडळ आहे. मोबाइलवर मतदानयंत्रासारखं काहीतरी घेऊन निवडणूक होते, बोटाला स्केचपेनची शाई लागते, आणि निकालानंतर शपथविधी. आमच्या घरात पाणीमंत्री आहेत. खातं लहान वाटेल, पण गिरणेच्या काठावर राहणाऱ्याला त्याचं वजन ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत खिचडीनंतर टाकीपाशी जी रेटारेटी होते ती या खात्याच्या अखत्यारीत येते. मंत्र्यांनी पहिल्याच आठवड्यात रांग लावली. तेव्हा तंटा उभा राहिला. पहिलीतली मुलं खेळून येईपर्यंत चौथीची रांग टाकीपर्यंत पोचलेली असे. चौथीचं म्हणणं, जो आधी आला त्याचा नंबर आधी. पहिलीचं म्हणणं, आम्हाला पळताच येत नाही तेवढं. बाईंनी निकाल दिला नाही, तो मुलांवरच सोडला. दोन दिवस घरात जेवताना हीच चर्चा. "आबा, आधी आलेला की जास्त तहानलेला?" मला विचारलं गेलं. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. मुलगा म्हणाला, ताकदवान असेल तो. सौभाग्यवती म्हणाली, "अगं, दोन लोटे जास्तीचे ठेव की!" तिसऱ्या दिवशी मंत्र्यांनी तोच निर्णय जाहीर केला: पहिलीसाठी वेगळे दोन लोटे आणि वेगळी छोटी रांग. श्रेय मात्र कोणालाही दिलं नाही. इथवर ती बरोबर मंत्री झालेली आहे.

तिला बाहेरच्या जगात न्यायची मला हल्ली थोडी भीती वाटते. परवा एका कार्यालयात कागदासाठी गेलो होतो. खिडकी उघडायची होती. तिथे रांगेत माणसं तीन आणि बाकी नुसत्या चपला, पिशव्या, एक वीट. तिने मोजलं. "आबा, आपला नंबर अकरावा आहे, पण आपल्यापुढे माणसं तर तीनच." मी तिला चपलेचं महत्त्व समजावून सांगितलं. तेवढ्यात खिडकी उघडली आणि झाडाखाली बसलेले सगळे चपलांचे मालक एकदम धावत आले. ज्यांच्या चपला नव्हत्या तेही. वीट कोणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिने मोठ्याने विचारलं, "यांना वर्गाचे नियम नाहीत का?" दोघं-तिघं हसले. एक जण मात्र खरंच मागे सरला. मी त्या जागेत शिरलो. हे मी घरी सांगितलेलं नाही.

आमच्या भागात नंबर हा शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जामद्याच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांना आवर्तन सुटतं, तेव्हा शेतकऱ्यांच्या पाळ्या ठरतात, आणि रात्री दोन वाजता आपली पाळी असताना पाणी मध्येच कोणी वळवलं तर सख्खे चुलते वर्षभर बोलत नाहीत. संविधानातल्या बंधुतेची परीक्षा कुठे होते असं मला कोणी विचारलं, तर मी रात्री दोनला, बॅटरी घेऊन, बांधावर, असं सांगेन. तिथे टाकीवरचे दोन जास्तीचे लोटे कुठून आणायचे, हा प्रश्न पाणीमंत्र्यांनी अजून हाती घेतलेला नाही.

गेल्या रविवारी लाइट गेली. टीव्ही बंद, म्हणून मंत्र्यांनी घरात जोडी-चर्चा घेतली. मुलगा आणि सून एक जोडी. आजी आणि मी दुसरी. "आबा, तुम्हाला येतं हे," असा शेराही मिळाला. विषय: मला काय आवडेल. वेळ दोन मिनिटं, मोजायला मंत्री स्वतः.

सौभाग्यवती आधी लाजली. "काय बाई खेळ!" म्हणाली. मग पदर सावरून बोलायला लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वी माहेरी जायची, त्याबद्दल. दारातल्या निंबाला बांधलेला झोका, गौराईची गाणी, सगळ्या लेकी जमायच्या, पुरुष तीन-तीन दिवस पत्ते खेळायचे आणि बायकांना कोणी हाक मारायचं नाही. आईवडील गेल्यापासून जाणं झालं नाही. पुढच्या आखाजीला एकदा जाऊन यायचंय, म्हणाली. झोक्यावर बसायचंय.

दोन मिनिटं संपली. या वेळी मी खरंच ऐकलं होतं. विहिरीसारखा फजितवाडा होऊ द्यायचा नव्हता. मी उभा राहिलो आणि सांगायला सुरुवात केली. निंब सांगितला, झोका सांगितला, गाणी सांगितली, पत्ते जरा आवरते घेतले. आणि शेवटी म्हणालो, "तर आजी म्हणते, की पुढच्या आखाजीला तिला माहेरी जायचंय, पण आता तिथे कोण उरलंय आणि त्या वयात झोक्यावर—"

नातीने हात वर केला. बोलायची परवानगी मिळेपर्यंत थांबली. दुसऱ्या हाताने कोपर धरून.

मी म्हणालो, "बोल."

"आबा, आजी 'पण' म्हणालीच नव्हती. परत सांगा."